स्वतंत्र बॉटलरची सिंगल माल्ट: पाणी घालायचं काम तुमचं

धरमपेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: "ताई, भाच्याने एडिनबरोहून एक बाटली आणली. लेबलवर कूल ईला लिहिलंय, पण नेहमीचं कंपनीचं लेबल नाही, मोठ्या अक्षरात दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. २०११ला डिस्टिल केलेली, २०२३ला भरलेली, हॉग्सहेड, २८१ बाटल्या, ५७.३ टक्के. रंग एकदम फिका. पहिल्या घोटाला जीभ भाजली. मग बर्फ आणि थंड पाणी घातलं तर ग्लास गढूळ झाला. मित्र म्हणतात माल नकली आहे. खरी आहे का, आणि चाखायची कशी?"

तुमच्या तिन्ही तक्रारी, म्हणजे फिका रंग, जळजळ आणि गढूळपणा, अशा बाटलीत अपेक्षितच आहेत. मी ती बाटली पाहिलेली नाही, पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत शंका घेण्यासारखं मला काही दिसत नाही. उलट त्या एकमेकींशी नीट जुळतात. कशा, ते आधी सांगते, कारण ते कळलं की चाखायचं कसं हे अर्धं आपोआप कळतं.

कंपनीची नेहमीची बारा वर्षांची बाटली घेतली तर तिच्यात तीन कामं आधीच उरकलेली असतात. पुष्कळ कास्क, म्हणजे व्हिस्की मुरवायची लाकडी पिंपं, एकत्र करून चव दरवर्षी सारखी ठेवलेली असते. बऱ्याचदा व्हिस्की थंड करून गाळलेली असते. आणि पाणी घालून ती ४० किंवा ४३ टक्क्यांवर आणलेली असते. तुमच्या बाटलीत एकाच कास्कमधला माल आहे आणि तो जसा निघाला तसा भरलाय. पहिली दोन कामं केली नाहीत याचं आपल्याला काही वाईट वाटायचं कारण नाही. तिसरं काम मात्र बाटली भरणाऱ्याने तुमच्यावर सोडलंय. पाणी किती, केव्हा आणि कसं घालायचं हे तुम्ही ठरवायचं. अशी बाटली चाखण्यातलं खरं कसब तिथेच आहे, आणि तुम्ही बर्फ घालून ते काम घाईत उरकलंत एवढंच झालं.

आता ते दुसरं नाव. स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलरींचा बराचसा माल स्वतःच्या नावाने विकलाच जात नाही, तो ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलरींचा माल मिसळून केलेल्या व्हिस्कीत, जातो. कूल ईला हे त्याचं उत्तम उदाहरण. आयला बेटावर १८४६ साली सुरू झालेली ही डिस्टिलरी आज डियाजिओच्या मालकीची आहे आणि जॉनी वॉकरमधला धूर मोठ्या प्रमाणावर इथून येतो. ब्लेंड करणाऱ्या कंपन्या आपसात कास्कची देवाणघेवाण करतात, दलालांमार्फत कास्क विकले जातात, आणि त्यातले काही स्वतंत्र बॉटलरच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल स्वतःच्या लेबलखाली भरणाऱ्याच्या, हाती पडतात. हा व्यापार जुना आहे. कॅडनहेड १८४२ साली ॲबर्डीनमध्ये सुरू झाली, गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ साली एल्गिनमध्ये. दुसरी तर मुळात किराणा दुकान होती. आपले कास्क डिस्टिलरीत पाठवायचे, ताजा माल भरून आणायचा आणि वर्षानुवर्षं सांभाळायचा, अशी त्यांची पद्धत. सिग्नेटरी १९८८ची. एडिनबरोची स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी १९८३ची; ती तर डिस्टिलरीचं नावही लिहीत नाही, नुसता आकडा देते. तिच्या बाटलीवर ५३ने सुरू होणारा क्रमांक दिसला की आत कूल ईला आहे असं समजायचं.

काही वेळा डिस्टिलरी कास्क विकते पण नाव वापरू देत नाही. मग लेबलवर फक्त प्रदेशाचं नाव येतं. किंवा त्या कास्कमध्ये शेजारच्या डिस्टिलरीचा चमचाभर माल टाकतात, म्हणजे कायद्याने ती सिंगल माल्ट, अर्थात एकाच डिस्टिलरीची, राहत नाही आणि कोणाला मूळ नाव छापता येत नाही. तुमच्या बाटलीवर नाव स्पष्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न नाही.

खरेपणाबद्दल एक साधा हिशेब करून बघा. हॉग्सहेड म्हणजे साधारण २५० लिटरचं कास्क. स्कॉटलंडच्या हवेत दरवर्षी अंदाजे दोन टक्के माल उडून जातो. बारा वर्षांनी उरतात १९६ लिटर. ७०० मिलीच्या बाटलीने भागा, उत्तर येतं २८०. तुमच्या लेबलवर २८१ आहे. आकडा याच्या बराच खाली असता तरी चाललं असतं, कारण कास्क गळतात, किंवा एक कास्क दोघांत वाटून घेतलं जातं. पण एका हॉग्सहेडमधून ६०० बाटल्या लिहिल्या असत्या तर मी नक्की थांबले असते. बाटली ७०० मिलीची आहे ना आणि लेबलवर स्कॉटलंडमध्ये भरल्याचा उल्लेख आहे ना, हेही बघा. २०१२च्या नोव्हेंबरपासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते, बॉटलर कोणीही असो. शिवाय नकली माल करणारे साधारणपणे प्रसिद्ध आणि भरमसाट किमतीच्या नावांच्या मागे असतात. बारा वर्षांच्या, २८१ बाटल्यांच्या कूल ईलासाठी एवढी खटपट कोणी करेल असं मला वाटत नाही.

रंग फिका आहे कारण हॉग्सहेड बहुधा आधी एकदोनदा वापरलेलं असणार. लेबलवर 'रिफिल' असा शब्द शोधा. व्हिस्कीला रंग लाकडातून येतो, आणि लाकूड जितकं जास्त वापरलेलं तितका तो कमी. स्कॉचच्या नियमांत पाणी आणि साधा कॅरॅमल रंग एवढ्या दोनच गोष्टी वरून घालायला परवानगी आहे. मोठ्या कंपन्या बाटल्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून तो रंग घालतात. स्वतंत्र बॉटलर सहसा घालत नाहीत. आपल्याकडे गडद म्हणजे जुनी आणि चांगली अशी समजूत घट्ट बसली आहे. ती सोडून द्या. पीटचा, म्हणजे माल्ट वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा, धूर असलेल्या माल्टला तर मी फिक्या रंगाचं, थकलेल्या लाकडातलं बॉटलिंगच आधी निवडते, कारण त्यात डिस्टिलरीचा मूळ माल झाकला जात नाही.

गढूळपणाचं कारणही सोपं आहे. व्हिस्कीत मेदाम्लं आणि त्यांची एस्टरं असतात. अल्कोहोल भरपूर असलं की ती विरघळून राहतात. प्रमाण ४६ टक्क्यांच्या खाली गेलं आणि थंडावा मिळाला की ती बाहेर येतात आणि ग्लासात धुकं दिसतं. हे दिसू नये म्हणून कंपन्या माल शून्याच्या आसपास थंड करून गाळतात. तुम्ही बर्फ आणि थंड पाणी दोन्ही घातलंत, म्हणजे ती परिस्थिती ग्लासात तयार केलीत. त्यात वाईट काही नाही. तोंडात जो तेलकट, भरलेला स्पर्श जाणवतो, तो याच पदार्थांमुळे असतो.

आता चाखायला बसू. आधी आपल्या गावाचं काही बोलायला हवं, कारण बाहेरची पुस्तकं वाचून नागपुरात मे महिन्यात व्हिस्की चाखता येत नाही. खोलीत ३८-४० अंश असेल तर ५७ टक्क्यांच्या ग्लासातून अल्कोहोलची वाफ आधी वर येते आणि नाकात दुसरं काही शिरूच देत नाही. तुमची जीभ भाजली त्यात ऋतूचाही वाटा असेल. जमलं तर ही बाटली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघडा. डिसेंबरची संध्याकाळ तर आपल्याकडे त्यासाठीच आहे. उन्हाळ्यातच चाखायची असेल तर एसीच्या खोलीत, आणि बाटली व ग्लास तासभर आधी त्याच खोलीत ठेवून. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मिटून जातात.

आणि कूलर बंद. हे मी प्रत्येक टेस्टिंगला सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नाराज होतं. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आपल्याला इतका सवयीचा आहे की तो आहे हेच कळत नाही. पण तो खोलीभर असतो आणि पीट असलेल्या व्हिस्कीतल्या मातकट वासात मिसळून जातो. मग लोक लिहितात, "ओली माती, मुळं". ते सगळं कूलरमधून आलेलं असतं. उदबत्ती, डास पळवायचं लिक्विड, अत्तर, ताजी धुतलेली चादर यांचंही तसंच. शेजारच्या घरी सावजी रस्सा शिजत असेल तर खिडकी लावून घ्या.

ग्लास म्हणाल तर खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाचा व्हिस्की ग्लास बर्फासाठी बनलाय, त्यात वास टिकत नाही. ग्लास साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने पुन्हा खळखळून घ्या आणि उलटा वाळवा. कपाटात बंद राहिलेल्या ग्लासात कपाटाचा वास असतो, तो बसण्याआधी तपासा.

३० मिली ओता, म्हणजे आपला स्मॉल पेग. मोजून ओता, पुढचा हिशेब त्यावर आहे. आणि मग पाच-दहा मिनिटं काही करू नका. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवू नका. एवढ्या ताकदीच्या मालात त्याने नुसता अल्कोहोल उसळतो. ग्लास थोडा तिरका करून आतल्या काचेला माल लावला की पुरे.

वास घेताना नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि हळूहळू वर आणा. झोंबायला लागलं की तिथून बोटभर मागे, ती तुमची जागा. आधी एका नाकपुडीने, मग दुसरीने. दोन्हींत फरक जाणवतो आणि तो खरा असतो. मध्येमध्ये आपल्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घेतला की नाक पुन्हा ताजं होतं. जे येईल ते लगेच लिहा. एका शब्दात लिहा, सुंदर लिहायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दहा मिनिटांतले शब्द सगळ्यात प्रामाणिक असतात.

मग निर्जळ घोट, अगदी थेंबभर. जिभेवर पसरेल एवढाच. पहिला घोट चवीसाठी नसतोच, तो तोंडाला ताकद कळावी म्हणून असतो. लाळ सुटते, जळजळ ओसरते, आणि दुसऱ्या थेंबाला चव लागते. तुम्ही बहुधा पहिलाच घोट नेहमीच्या पेगसारखा भरून घेतला असेल. आपल्या इथल्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे पंचाहत्तर प्रूफ. त्या जुन्या मोजणीत शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. तुमची बाटली शंभराच्या थोडी वर आहे. नेहमीच्या मापाने ती घेतली तर तोंडाने विरोध करणं साहजिक आहे.

यापुढे पाणी, आणि इथे मी तुम्हाला सावकाश चालायला सांगणार आहे. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं आणि बिनवासाचं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, बोअरचं पाणी जड असतं. दोन्ही व्हिस्कीत कळतात. घरचं आरओचं किंवा बाटलीतलं कमी क्षारांचं पाणी घ्या. औषधाचं ड्रॉपर किंवा पाच मिलीचा चमचा जवळ ठेवा.

३० मिलीत एक चमचा पाणी घातलं की ५७.३चं प्रमाण ४९च्या आसपास येतं. दीड चमचा घातलं की ४६. दोन चमचे म्हणजे ४३. अडीचच्या थोडं वर गेलात की ४०. ही शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीवर थांबून पुन्हा वास, पुन्हा थेंब, पुन्हा शब्द. पाणी घातल्याबरोबर चाखू नका. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना थोडी उष्णता निघते आणि पहिली मिनिटभर वास विस्कटलेला असतो. तीन-चार मिनिटं जाऊ द्या.

पाण्याने वास का खुलतो याचं एक चांगलं उत्तर २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी दिलं. त्यांनी संगणकावर ग्वायकॉल या रेणूची हालचाल तपासली. पीटच्या धुराचा वास देणाऱ्या पदार्थांपैकी हा एक प्रमुख. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असलं तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, म्हणजे नाकाच्या वाटेवर. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत खोल राहतो. तुमची ५७.३ची बाटली त्या वरच्या टोकाजवळ आहे. म्हणून तुमच्या मालात धूर आधी दबलेला वाटेल आणि दीड-दोन चमच्यांनंतर पुढे येईल. पाण्याने व्हिस्की मिळमिळीत होते असं मानणाऱ्यांनी पीटची कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पाणी न घालता भरलेली, बाटली घेऊन हा प्रयोग एकदा जरूर करावा.

अर्थात एक टप्पा असा येतो की त्यापुढे ती कोसळते. चव पातळ होते, लाकडाचा कडवटपणा तेवढा उरतो. तो टप्पा प्रत्येक कास्कचा वेगळा असतो आणि आधी सांगता येत नाही. माझा अनुभव असा की रिफिल हॉग्सहेडमधला आयलाचा माल पुष्कळ पाणी सहन करतो, ४०च्या खालीही उभा राहतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या कास्कमध्ये पहिल्यांदाच भरलेला माल मात्र लवकर ढासळतो. घातलेलं पाणी परत काढता येत नाही, म्हणून चमच्याने.

कूल ईलात काय शोधाल? गंमत म्हणजे तिचं आणि आयलावरच्याच लागाव्हुलिन डिस्टिलरीचं माल्ट एकाच ठिकाणाहून, पोर्ट एलनच्या माल्टिंगमधून येतं, आणि पीटचं प्रमाणही जवळजवळ तेच. तरी लागाव्हुलिन जड आणि दाट, कूल ईला हलकी आणि लिंबाळ. फरक पडतो तो आंबवण्यात, भट्ट्यांच्या आकारात, त्या किती भरतात यात आणि डिस्टिल करताना कुठला भाग ठेवतात यात. म्हणून नुसतं "धुरकट" लिहून थांबू नका. धूर कसला, ते लिहा. हुरड्याच्या शेकोटीचा गोडसर धूर वेगळा, विझलेल्या चुलीतल्या राखेचा कोरडा वास वेगळा, धुपाटण्याचा वेगळा, दवाखान्यातल्या ड्रेसिंगचा वेगळा. कूल ईलात मला बहुतेक वेळा राख आणि लिंबाची साल आधी मिळते, मग मिठात मुरलेल्या कैरीचं खारं आंबट पाणी, आणि मागे जवस. हो, जवसाच्या चटणीतलं जवस. तिकडचे जाणकार जवसाच्या तेलाचा उल्लेख नेहमी करतात आणि वाचणाऱ्या मुंबईकराला तो वास आठवत नाही. आपल्याला आठवतो. तो वास ज्याच्या घरात आहे त्याने तो वापरावा.

हे मी कळकळीने सांगते, कारण टेस्टिंगला येणारी आपली माणसं गूजबेरी, हेदर, ख्रिसमस केक असे न चाखलेले शब्द लिहितात आणि स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवतात. एकदा सकाळी इतवारीत किराणा ओळीतून नुसतं फिरून या. लवंग हातात घ्या. ओक लाकडातून येणारा युजेनॉल हाच. सुकं खोबरं हुंगा. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, कास्कमधली लॅक्टोनं तशीच लागतात. दगडफूल घ्या, सावजी मसाल्यातलं. जुन्या पीटच्या माल्टमध्ये तो कोरडा, रानातला वास मला भेटलाय. केळ्याचा वास यीस्टने बनवलेल्या एस्टरचा असतो, तो कोवळ्या मालात ठळक. संत्र्याच्या बाबतीत तर नागपूरकराने आळस करूच नये: साल, रस, सालीच्या आतला पांढरा पापुद्रा, वाळलेली साल आणि संत्रा बर्फी हे पाच वेगळे वास आहेत, आणि व्हिस्कीत पाचही सापडतात. शेरी कास्कच्या माल्टमध्ये वाळलेली मोहफुलं हमखास मिळतात. हे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

एका शब्दाबद्दल सावध करते. "समुद्राच्या हवेमुळे आलेला खारटपणा" असं आयलाच्या बाटल्यांवर सर्रास लिहिलेलं असतं. कूल ईलाचा माल आता टँकरने मुख्य भूमीवर नेऊन तिथे कास्कमध्ये भरतात, तिथेच तो मुरतो. बारा वर्षं समुद्राची हवा खाल्ली म्हणून तो खारट झाला, हे त्यामुळे पटत नाही. खारं लागतं हे खरं, मलाही लागतं. पण कारण म्हणून मी तरी समुद्राकडे बोट दाखवणार नाही. पीटच्या धुरातली फिनॉलं त्या भासाला जास्त जवळची वाटतात.

वयाच्या आकड्याचंही तसंच. बारा वर्षं ही स्कॉटलंडची बारा वर्षं आहेत. बंगळुरूत अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात दरवर्षी दहा-बारा टक्के माल उडतो. बंगळुरूतली पाच वर्षं आणि स्कॉटलंडमधली बारा यांची तुलना आकड्यांवरून करू नका.

जेवणाचं विचारलं नाहीत, पण नागपूरकर विचारतोच, म्हणून सांगते: आधी चाखा, मग जेवा. तर्री असो की सावजी, तिखटाने जीभ सुन्न झाली की पुढे तासभर पन्नास टक्क्यांचा माल नुसता आगीसारखा लागणार. चाखताना सोबत पाणी आणि साधी पोळी, बस. नंतर ग्लासात जे उरेल ते तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर घेऊन बघा, तेल-तिखट बेताचं ठेवून. धुराला धूर मिळतो आणि व्हिस्कीतलं लिंबू वर येतं.

प्रमाणाचं भान मात्र ठेवा. ३० मिलीचा हा पेग म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिस्कीचे ४० मिली, आणि दीड पेग म्हणजे ६०. मित्रांना बोलावणार असाल तर प्रत्येकी १५ मिली भरपूर होते, आणि थुंकायला एक रिकामं भांडं ठेवा. मी ठेवते, त्यात काही कमीपणा नाही. पाण्याचे चमचे तेव्हा अर्धे करा. परवाना प्रत्येकाकडे हवा, आपल्या राज्यात स्पिरिटसाठी वयाची अट २५ आहे, आणि घरी परत जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी. बाटली घेऊन कोणाकडे निघालात तर लक्षात असू द्या की वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, आणि मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो.

उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको. एवढा अल्कोहोल बुचाला खातो. आतल्या खोलीत, उन्हापासून लांब, गच्चीखालच्या कपाटात तर नाहीच. उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक बाटल्या सुधारतात, पहिल्या ग्लासाचा कडकपणा उतरतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या चवीवर निकाल देऊ नका. तिसरा हिस्सा उरला की लहान बाटलीत काढा, कारण आपल्या उन्हाळ्यात अर्धी रिकामी बाटली स्कॉटलंडपेक्षा लवकर उतरते.

भाचा पुन्हा जाणार असेल तर त्याला काय सांगायचं? बाहेरून येताना माणशी दोन लिटरची मुभा असते. त्यातली एक बाटली त्याने स्वतंत्र बॉटलरचीच आणावी असं मी म्हणेन, कारण त्या इथे दुकानात क्वचितच दिसतात. आयात शुल्क २०२५मध्ये १५० टक्के होतं, शिवाय प्रत्येक लेबलची राज्यात वेगळी नोंदणी. पावणेतीनशे बाटल्यांच्या मालासाठी हा खटाटोप परवडत नाही. २०२५च्या जुलैत झालेल्या भारत-ब्रिटन करारात शुल्क आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय, पण एका कास्कच्या मालाला त्याने कितपत मदत होईल याबद्दल मी फार आशा धरत नाही. आणि जुने कास्क संपतच चाललेत: गॉर्डन अँड मॅकफेलने २०२३ साली जाहीर केलं की २०२४पासून ते दुसऱ्या डिस्टिलरींचा नवा माल कास्कमध्ये भरणार नाहीत. भरून ठेवलेलं बाटलीत येत राहील, तेही बरीच वर्षं, पण तो साठा वाढणार नाही. लिंकवूड, बेनरिनस, मॉर्टलाक, क्लाइनलिश या डिस्टिलरींची नावं भाच्याला लिहून द्या. यांतली कुठलीही, रिफिल कास्कची, रंग न घातलेली, ४६ टक्क्यांच्या वरची दिसली तर त्याने फार विचार करू नये.

त्याआधी एक प्रयोग करा, तुमच्याकडच्या बाटलीचा खरा फायदा त्यातच आहे. कंपनीची बारा वर्षांची कूल ईला मिळवा, मित्राकडून ३० मिली मागून आणली तरी चालेल. ती ४३ टक्क्यांची असते. तुमच्या ३० मिलीत बरोबर दोन चमचे पाणी घाला, तीही ४३ होते. पाव तास थांबा. दोन्ही सारख्या ग्लासांत सारख्या मापाने काढा, तळाला चिठ्ठ्या चिकटवा, आणि घरातल्या कोणाला तरी ग्लास तुमच्या पाठीमागे अदलाबदल करायला सांगा. रंगाने ओळखू येईल म्हणून दिवा मंद करा किंवा डोळे मिटा. आता ताकद सारखी, वय सारखं, डिस्टिलरी तीच. उरलेला सगळा फरक पुष्कळ कास्क एकत्र करणं आणि एकच कास्क ठेवणं, गाळणं आणि न गाळणं यांचा. कुठली जास्त तेलकट, कुठली जास्त गोड, कुठल्या धुराची शेपटी लांब, आणि कुठली दुसऱ्यांदा प्यावीशी वाटते, हे चिठ्ठी उघडण्याआधी लिहून काढा. कंपनीची आवडली तरी बिचकू नका, तसं माझ्याही टेस्टिंगला अनेकदा होतं आणि तो निकाल तितकाच खरा. जे लिहाल ते मला कळवा, आणि पाणी कितव्या चमच्याला जास्त झालं तेही.